होम पेज टिकत का नाही? डहाणू-तलासरीतला एक जुना प्रश्न

‘काल आपले सरकारची साइट लावून ठेवली होती, आज भलतंच काहीतरी उघडतंय.’ डहाणू आणि तलासरीतल्या सेवा केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि शाळांच्या संगणक कक्षांत ही तक्रार नवी नाही. तिच्यावरचा इलाजही ठरलेला आहे: व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. मग विंडोज नव्याने टाकली जाते; प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी फॉन्ट, पीडीएफ जोडायचे सॉफ्टवेअर, सगळे मिळेल तिथून उतरवून पुन्हा बसवले जाते. या बसवाबसवीतच मूळ उपद्रव परत येतो आणि पुढच्या आठवड्यात तीच तक्रार उभी राहते. गेल्या वीस-बावीस वर्षांत या दुखण्याचे स्वरूप बरेच बदलले, इलाज मात्र तिथेच अडकून राहिला आहे.

प्रश्न किरकोळ वाटतो, पण इथे तो किरकोळ नाही. तलासरी तालुक्यात आदिवासींचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात आहे, डहाणूत ते दोन तृतीयांशांहून जास्त आहे. जातीचा दाखला, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, महाभूलेखवरचा सातबारा यांसाठी उधवा, झरी, सायवन, कासा, गंजाड या बाजूंहून माणसे रोज बुडवून येतात. केंद्रातल्या ब्राउझरचे होम पेज कोणी पळवले असेल, तर तिथल्या शोधपेटीत ‘जात प्रमाणपत्र’ टाइप केल्यावर वरच्या ओळींत जाहिराती येतात, आणि सरकारी वाटावे असे रूप घेतलेल्या खासगी साइट त्या जाहिरातींत असू शकतात. पासपोर्टच्या नावाने चालणाऱ्या अशा बनावट साइटांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने लोकांना वेळोवेळी सावध केले आहे. गर्दीच्या दिवशी पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे की नाही हे पाहायला ना चालकाला वेळ असतो, ना समोर बसलेल्याला माहिती.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. होम पेज बदलले अशा बऱ्याच तक्रारींत प्रत्यक्षात काहीच बदललेले नसते. क्रोममध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत: ब्राउझर सुरू झाल्यावर काय उघडायचे, घराच्या चित्राचे बटण दाबल्यावर काय उघडायचे आणि नवा टॅब घेतल्यावर काय दिसायचे. ते घराचे बटण क्रोममध्ये मुळात लपवलेलेच असते. चालक त्या बटणाचा पत्ता भरतो आणि ब्राउझर सुरू होताना तेच पान येईल अशी अपेक्षा करतो. ते येत नाही, कारण सुरुवातीच्या पानाची निवड वेगळ्या ठिकाणी आहे. तिथे ‘सोडले तिथून पुढे’ हा पर्याय निवडलेला असेल, तर कालचेच टॅब पुन्हा उघडतात. फायरफॉक्समध्येही जुने टॅब उघडण्याच्या चौकटीत टिचकी असली की होम पेज मागे पडते. नव्या टॅबचे पान तर क्रोमच्या साध्या सेटिंगमधून बदलता येत नाही, त्यासाठी बहुधा एक्स्टेंशनच लागते. एजमध्ये आणखी एक गंमत होते: तलासरीत बसलेल्या माणसाला नव्या टॅबवर वापीचे हवामान आणि गुजरातच्या बातम्या दिसू शकतात, कारण जागेचा अंदाज नेट जोडणीवरून बांधलेला असतो आणि सीमेजवळ तो सहज चुकतो. ‘पान बदललं’ अशी ओरड होते, पण पान तेच असते.

हे तपासूनही तक्रार उरली, तर मात्र दुसरे कोणीतरी त्या सेटिंगवर लिहीत आहे असे समजावे. हे कोण करते आणि का, याचा इतिहास मजेदार आहे.

1999 साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या एका लहान गावी सायबर कॅफे सांभाळणाऱ्या ली शिंगपिंग या तरुणाने एक साधे पान बनवले. कॅफेत येणाऱ्यांना साइटांचे पत्ते टाइप करता येत नसत. म्हणून उपयोगी साइटांची नावे एका पानावर ओळीने मांडून ठेवली. त्याचे नाव हाओ123. ते पान तुफान चालले आणि 2004 मध्ये बायदू या कंपनीने ते विकत घेतले. पुढे हेच पान फुकट सॉफ्टवेअरच्या पोटात बसून जगभरच्या संगणकांत शिरले, विचारल्याशिवाय होम पेज झाले आणि काढले तरी परत येऊ लागले. पत्ता टाइप न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेली सोय शेवटी त्याच गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बसली. डहाणूच्या एखाद्या केंद्रचालकाने उद्या असे पान बनवले तर त्यामागची गरज अगदी तीच असेल, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या मुद्द्याकडे पुढे येतो.

इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात 2003 साली कूलवेबसर्च नावाच्या उपद्रवाने पहिली मोठी दहशत बसवली. तो होम पेज आणि शोधयंत्र दोन्ही पळवी आणि सतत नव्या रूपात येई. मेरियन बेलेकॉम या डच विद्यार्थ्याने त्याच्यासाठी सीडब्ल्यूश्रेडर हे खास साधन लिहिले. त्याचेच हायजॅकधिस हे दुसरे साधन पुढे अनेक वर्षे संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये असे. ते स्वतः काही ठरवत नसे. कुठल्या नोंदीत काय लिहिले आहे याची फक्त यादी देई. आजच्या ‘एक बटण दाबा, सगळे साफ’ या साधनांपेक्षा ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती माणसाला विचार करायला लावते.

त्यानंतरचा काळ टूलबारांचा. यातला एक आपल्या ग्रामपंचायतींपर्यंत फार सरळ वाटेने आला. ई-निविदांच्या संकेतस्थळावर डिजिटल सही करायला संगणकात जावा लागे. ओरॅकल कंपनी जावाबरोबर आस्क नावाचा टूलबार देई, आणि तो बसवण्याची संमती देणारी टिचकी आधीच मारलेली असे. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करणाऱ्याचे शोधयंत्र आस्क होऊन जाई. म्हणजे सरकारी कामासाठी, अधिकृत कंपनीच्या साइटवरून, कायदेशीर सॉफ्टवेअर घेतले तरी ब्राउझर हातातून जाई. 2015 मध्ये ओरॅकलने आस्क सोडून याहूशी करार केला. ‘अनोळखी साइटवरून काही उतरवू नका’ हा उपदेश अपुरा पडतो तो इथे.

2017 च्या जून महिन्यात चेक पॉइंट या कंपनीने फायरबॉल नावाच्या सॉफ्टवेअरचा अहवाल दिला. बीजिंगच्या राफोटेक कंपनीचे हे काम. जगात 25 कोटी संगणक बाधित आणि त्यांत सर्वाधिक, सुमारे 2.53 कोटी, भारतात, असा चेक पॉइंटचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हे आकडे फुगवलेले असल्याचे म्हटले. आकडा कितीही कमी धरला, तरी होम पेज आणि शोधयंत्र बदलण्यावर एखादी कंपनी उभी राहू शकते ही गोष्ट उरतेच.

पैसा कुठे आहे हे अमेरिकेतल्या गूगलविरुद्धच्या खटल्याने उघड केले. ब्राउझरांत आणि फोनांत आपले शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे म्हणून गूगलने 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर मोजले होते. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने शोधसेवेतली गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. आपल्या स्पर्धा आयोगानेही गूगलला दंड केले: 2018 मध्ये शोधनिकालांतल्या पक्षपातासाठी सुमारे 136 कोटी आणि ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडवरच्या सक्तीसाठी 1,337.76 कोटी रुपये. पहिल्या पानाला इतकी किंमत असेल, तर ती जागा बळकावायला चोरही येणारच. मोठी कंपनी करार करते, छोटी घुसखोरी करते, आणि दोघांनाही हवे असते ते तलासरीच्या चालकाने पहिला शब्द कुठे टाइप करावा हे ठरवण्याचे बळ.

सध्याचे घुसखोर बहुतेक एक्स्टेंशनच्या रूपात येतात. सरकारी अर्जांना फोटो अमुक केबीच्या आत आणि कागद एकाच पीडीएफमध्ये लागतो. म्हणून चालक ‘पीडीएफ कन्व्हर्टर’ शोधतो. या नावाखाली येणाऱ्या एक्स्टेंशनांचा एक मोठा गट होम पेज आणि नवा टॅब ताब्यात घेण्यासाठीच बदनाम आहे. आस्कच्याच घरातल्या माइंडस्पार्क कंपनीचे फ्रॉमडॉकटूपीडीएफ हे त्यातले एक गाजलेले नाव. दुसरी वाट फुकट मराठी टायपिंगची साधने देणाऱ्या साइटांची, तिसरी ड्रायव्हर शोधून देण्याचा दावा करणाऱ्या सॉफ्टवेअरची. चौथी, सगळ्यांना माहीत असूनही कोणी न बोलणारी, म्हणजे विंडोज फुकटात ‘ॲक्टिवेट’ करणारे चोरटे प्रोग्रॅम. ते चालवण्यासाठी अँटिव्हायरस आधी बंद करा असे सांगितले जाते आणि लोक तो खरोखरच बंद करतात!

आता काढलेला घुसखोर परत कसा येतो ते पाहू. सगळ्यांत सोपी युक्ती डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटची. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये क्रोमच्या फाइलच्या पत्त्यापुढे कोणीतरी आपल्या साइटचा पत्ता जोडून ठेवतो. आतली सेटिंग कितीही सुधारा, त्या चित्रावर क्लिक केले की तेच पान. दुसरी युक्ती टास्क शेड्युलरची: विंडोज सुरू होताना किंवा ठरावीक वेळाने एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि सेटिंग किंवा शॉर्टकट पुन्हा लिहितो. तिसरी युक्ती पॉलिसीची. कंपन्यांना आपले संगणक एकसारखे ठेवता यावेत म्हणून दिलेली ही सोय. घुसखोर तिच्या आधाराने एखादे एक्स्टेंशन सक्तीने बसवतो, मग त्याचे काढण्याचे बटणच चालत नाही आणि क्रोमच्या मेनूत ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशी ओळ दिसते. एकट्याच्या दुकानात ही ओळ दिसली, तर ती संस्था कोणती हे विचारायलाच हवे. चौथी गोष्ट युक्ती नाहीच, ती गूगल खात्याची सिंक आहे. केंद्रातला संगणक साफ केला, पण त्याच खात्याने घरचा लॅपटॉप चालतो आणि बिघाड तिथे शिल्लक आहे. संध्याकाळपर्यंत तो सिंकच्या वाटेने केंद्रात परततो. फॉरमॅट मारूनही दुखणे परत येण्याचे हे फार मोठे कारण आहे, आणि ते फार थोड्यांच्या ध्यानात येते.

घुसखोर कोणीच नसतानाही होम पेज पुसले जाते, तो भाग वेगळा. शाळा-महाविद्यालयांच्या कक्षांत डीप फ्रीझसारखे सॉफ्टवेअर असते. संगणक बंद करून सुरू केला की तो जुन्या अवस्थेत जातो. मुलांनी केलेली घाण जावी म्हणून ते बसवलेले असते, शिक्षकांनी केलेला बदलही त्याबरोबर जातो. बसवणारा निघून गेला, पासवर्ड त्याच्याकडेच राहिला, ही गोष्ट अनेक कक्षांत घडते. दुसरे कारण ‘घोस्ट मारण्या’चे. एक संगणक नीट तयार करून त्याची प्रत बाकीच्यांवर उतरवतात, किंवा विंडोज नव्याने टाकून जुने क्रोमचे प्रोफाइल त्यात परत आणतात. क्रोम होम पेज, सुरुवातीची पाने आणि शोधयंत्र यांच्या नोंदींवर एक सही ठेवतो आणि विंडोजवर ती सही त्या यंत्राच्या ओळखीशी बांधलेली असते. प्रोफाइल दुसऱ्या यंत्रावर गेले की सही जुळत नाही, आणि कोणीतरी छेडछाड केली असे समजून क्रोम त्या सेटिंग स्वतःच पुसतो. ही सुरक्षा घुसखोरांसाठी केली, फटका बसतो संगणक कक्षाला.

तिसरे कारण विजेचे. डहाणूत 500 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे, म्हणून तालुक्यातल्या पाड्यांवर पावसाळ्यात वीज जात नाही असे नाही. यूपीएसची बॅटरी दमलेली असते, संगणक धाडकन बंद होतो, त्या क्षणी लिहिली जाणारी फाइल अर्धवट राहू शकते. ‘प्राधान्ये वाचता येत नाहीत’ अशी सूचना क्रोमने दिली, की हा संशय घ्यावा. अशा वेळी नवे प्रोफाइल बनवणे हाच उपाय. जुने ओढत राहण्यात अर्थ नाही. शिवाय सफाई करणारी काही सॉफ्टवेअर आणि ‘होम पेज संरक्षण’ देणारे काही अँटिव्हायरस तुम्ही केलेला बदलच परका समजून उलटवतात. फायरफॉक्समध्ये यूजर डॉट जेएस नावाची फाइल कोणी ठेवली असेल, तर ती दर वेळी सुरू होताना तुमच्या निवडीवर आपले म्हणणे लादते.

जुन्या विंडोजचा मुद्दा इथे टाळता येत नाही. विंडोज 7 वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती 109, जानेवारी 2023 ची. फायरफॉक्सने 115 ही ईएसआर, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती अशा संगणकांसाठी पुढेही चालू ठेवली. इंटरनेट एक्सप्लोरर 15 जून 2022 ला निवृत्त झाला. संगणक बदलण्याइतके पैसे नसतील तर निदान ब्राउझर तरी बदलावा. फोनचा प्रश्न त्या मानाने छोटा आहे: अँड्रॉइडवरचा क्रोम बहुधा शेवटचा टॅबच पुन्हा उघडतो, आणि ‘होम पेज बदललं’ म्हणून दाखवले जाते ते अनेकदा ‘अलाउ’ दाबून मिळालेल्या नोटिफिकेशनांचे लोंढे असतात.

मग तपासायचे कसे? माझ्या मते कोणते पान उघडते याला फारसे महत्त्व नाही. ते केव्हा बदलते हे विचारावे. होम पेज लावा, ब्राउझर बंद करून लगेच उघडा. तेवढ्यातच बदलले तर शॉर्टकट, एक्स्टेंशन किंवा चालू असलेला एखादा प्रोग्रॅम. विंडोज बंद करून सुरू केल्यावर बदलले तर डीप फ्रीझ किंवा टास्क शेड्युलर. काही तासांनी आपोआप बदलले तर वेळ लावून ठेवलेला टास्क किंवा सिंक. या एका चाचणीने निम्मे काम होते. त्यानंतर सगळ्यांत आधी सिंक बंद करावी, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया जाते. मग शॉर्टकट काढून नवा करावा, नको ती एक्स्टेंशन उडवावीत, पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेषा आणि पॉलिसी असे इंग्रजीत लिहून काही लादलेले आहे का ते पाहावे. कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावली, की तक्रार सुरू झाली त्या दिवशी काय बसले ते समोर येते. क्रोममध्ये पूर्वी सफाईचे साधन होते, ते 2023 मध्ये काढून टाकले गेले. त्याच्या जागी मालवेअरबाइट्सचे ॲडव्हक्लीनर फुकट मिळते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने 21 फेब्रुवारी 2017 पासून फुकट साधने उपलब्ध केली, त्यांत पुण्याच्या क्विक हीलचाही वाटा आहे. ब्राउझर रीसेट करणे शेवटून दुसरे. फॉरमॅट सर्वांत शेवटी, आणि तोही सिंक साफ केल्यावरच.

एवढे करूनही दहा जण हाताळतात तो संगणक नीट राहत नाही. तिथे होम पेज उघडपणे कुलूपबंद करणे हाच मला टिकाऊ इलाज वाटतो, आणि त्यासाठी घुसखोर वापरतात तीच पॉलिसीची सोय वापरावी. क्रोम आणि एजमध्ये ही सोय सुट्या संगणकावर होम पेजसाठी चालत नाही. डोमेनशी जोडलेल्या किंवा मध्यवर्ती नियंत्रणाखालच्या संगणकांनाच ती मिळते. फायरफॉक्समध्ये मात्र ती कोणत्याही संगणकावर चालते. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ‘डिस्ट्रिब्युशन’ नावाचे फोल्डर करून त्यात ‘पॉलिसीज’ नावाची एक छोटी जेसन फाइल ठेवायची, तिच्यात होम पेजचा पत्ता आणि ‘लॉक्ड’ ही खूण लिहायची. ते पान इंटरनेटवरच असावे असेही नाही. डिस्कवर ठेवलेले साधे मराठी पान चालते: आपले सरकार, महाडीबीटी, महाभूलेख, पासपोर्ट, पॅन यांचे खरे पत्ते, मोठ्या अक्षरांत. नेट गेले असले तरी ते उघडते.

असे पान प्रत्येक केंद्रचालकाने आपापल्या अंदाजाने बनवू नये. त्यात एक पत्ता चुकला की पुन्हा तोच धोका. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आणि दोन्ही तहसील कार्यालयांनी मिळून एक पान तयार करावे, पत्ते तपासून त्यावर तारीख घालावी, आणि पुढच्या शिष्यवृत्ती अर्जांची गर्दी सुरू होण्याआधी ते पॉलिसीच्या फाइलसह केंद्रांना आणि आश्रमशाळांना वाटावे. खर्च एका पेन ड्राइव्हचा आहे.